उमेदवार कोण निवडतो?
साउथ कॅरोलिनाच्या प्राथमिक निवडणुकीचा धडा

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांतून दोन प्रश्नांची चर्चा सुरू होते. तिकीट कोणाला मिळाले आणि मत कोणाला द्यायचे? यातील दुसरा प्रश्न आपल्या हातातला असतो. पहिला मात्र मुंबईत नाहीतर दिल्लीत, बंद दाराआड, कोणीतरी परस्पर सोडवून टाकलेला असतो. ए-बी फॉर्म ज्याच्या हाती पडला तो उमेदवार. आपण फक्त त्याच्या नावापुढचे बटन दाबायचे की नाही एवढेच ठरवायचे. तेव्हा मताचा हक्क मिळाला म्हणजे सत्तेचा हक्क मिळाला असे होते काय? हा प्रश्न प्रत्येक विचारी मतदाराने स्वतःला विचारला पाहिजे.

अमेरिकेने या प्रश्नाचे एक उत्तर काढले आहे. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरविण्यासाठीच आधी एक निवडणूक होते. तिला प्राथमिक निवडणूक म्हणतात. हे दोन शब्द आपल्याला परके नाहीत. २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ज्या पुणे करारावर सह्या झाल्या, त्यातही प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. तिच्याकडे आपण पुढे येऊच. आधी पाहू अमेरिकेतील साउथ कॅरोलिना या एका राज्याची प्राथमिक निवडणूक. ज्या दारातून काळ्या माणसाला कायद्याने बाहेर ठेवले होते, त्याच दारातून पुढे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार काळ्या मतदारांचा कौल घेऊन बाहेर पडू लागले. ही उलथापालथ कशी झाली, ते समजून घेण्यासारखे आहे.

चाळणीचे गणित

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरात होते. तिच्या आधी, वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोन मोठे पक्ष राज्याराज्यांतून आपापली प्राथमिक निवडणूक घेतात. (रिपब्लिकन हे नाव वाचून आपल्या पक्षाची आठवण होईल, पण दोघांत नामसाम्यापलीकडे काही नाते नाही. तो पक्ष अब्राहम लिंकनचा. आज मात्र तिथले बहुसंख्य काळे मतदार डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात.)

प्रत्येक राज्याला पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनासाठी ठराविक प्रतिनिधी मिळतात. उमेदवारांना मते पडतील त्या प्रमाणात डेमोक्रॅटिक पक्षात हे प्रतिनिधी वाटले जातात. मात्र १५ टक्क्यांच्या आत राहिलेल्याला काही मिळत नाही. देशभरातून ज्याच्या बाजूने निम्म्याहून अधिक प्रतिनिधी, तो पक्षाचा उमेदवार. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाचे असे ३,९७९ प्रतिनिधी होते आणि जिंकायला १,९९१ लागत होते. साउथ कॅरोलिनाच्या वाट्याला त्यातले फक्त ५४ आले होते.

वाचक म्हणतील, ५४ प्रतिनिधींचे काय एवढे? इथेच खरी गोम आहे. सगळी राज्ये एकाच दिवशी मतदान करीत नाहीत. जी आधी करतात, त्यांचा निकाल पाहून देणगीदार, वर्तमानपत्रे आणि पुढच्या राज्यांतले मतदार आपले मत बनवितात. पहिल्या तीन-चार राज्यांत जो मागे पडला त्याचा पैसा आटतो आणि तो घरी जातो. ही एक चाळणीच आहे. चाळणी ज्याच्या हातात, त्याच्या मनासारखे धान्य खाली उरते.

गोऱ्यांची प्राथमिक निवडणूक

साउथ कॅरोलिना हे गुलामगिरीचे माहेरघर. चार्ल्सटन बंदरावर आफ्रिकेतून आणलेली माणसे उतरवून विकली जात. गुलामगिरी टिकविण्यासाठी अमेरिकेतून सर्वांत आधी फुटून निघाले ते हेच राज्य, डिसेंबर १८६० मध्ये. यादवी युद्धात दक्षिणेचा पराभव झाला, गुलाम मुक्त झाले आणि १८७० साली १५ व्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्याच वर्षी याच राज्यातून जोसेफ रेनी हा कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात गेला. एकेकाळचा गुलाम रॉबर्ट स्मॉल्सही पुढे तिथे पोहोचला.

पण हा सूर्य लवकरच झाकोळला. १८९५ साली राज्याची नवी घटना लिहिली गेली. तेव्हा राज्यात काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती, आणि नेमकी हीच गोष्ट बेन टिलमन या पुढाऱ्याला सलत होती. घटनेत काळ्यांचे नावही न घेता त्यांना मतदार यादीतून काढण्याची सोय केली गेली. वाचता आले पाहिजे, घटनेचे कलम समजावून सांगता आले पाहिजे, नाहीतर ३०० डॉलरची मालमत्ता पाहिजे. शिवाय मतासाठी कर भरल्याची पावती पाहिजे. समजले की नाही, हे ठरविणार गोरा कारकून. रॉबर्ट स्मॉल्स त्या सभेत उभा राहून या अन्यायाविरुद्ध बोलला. पण मोजक्या सभासदांचा आवाज तिथे कोण ऐकणार?

एवढे करूनही काही काळे परीक्षा पास होऊन यादीत येतच होते. त्यांच्यासाठी दुसरा अडसर घातला गेला, तो प्राथमिक निवडणुकीचा. दक्षिणेत त्या काळी रिपब्लिकन पक्ष नावालाच उरला होता. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जो जिंकला, तो निवडून आलाच म्हणून समजा. नोव्हेंबरचे मतदान हा केवळ उपचार. पक्षाने नियम केला की आमच्या प्राथमिक निवडणुकीत फक्त गोरे मत देतील. काळ्याला मत द्यायचेच असेल तर त्याने १८७६ पासून सतत डेमोक्रॅटिक पक्षालाच मत दिले असले पाहिजे, आणि दहा गोऱ्यांनी तसे लिहून दिले पाहिजे. म्हणजे दहा धन्यांचे प्रमाणपत्र आणा आणि मग नागरिक व्हा!

हा डाव किती हुशारीचा होता पाहा. मताचा हक्क काढून घेतला असे कोणाला म्हणता येत नव्हते. काळा माणूस नोव्हेंबरात मत देऊ शकत होता. पण तोवर सगळा निकाल लागून गेलेला असे. पंगत उठल्यावर बोलावून रिकाम्या पत्रावळीसमोर बसवायचे, तसला हा प्रकार. १८९७ साली या राज्यातला शेवटचा काळा प्रतिनिधी वॉशिंग्टनहून घरी परतला. त्यानंतरचा काळा प्रतिनिधी तिथे जायला १९९३ साल उजाडले.

दंतवैद्य आणि दुकानदार

या अडसराला पहिला मोठा धक्का दिला टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहराच्या लॉनी स्मिथ नावाच्या एका काळ्या दंतवैद्याने. प्राथमिक निवडणुकीत मत नाकारले म्हणून तो कोर्टात गेला. त्याच्या बाजूने उभे राहिले थर्गुड मार्शल. हेच मार्शल पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. ३ एप्रिल १९४४ रोजी आठ विरुद्ध एक मतांनी निकाल लागला. प्राथमिक निवडणूक हा सार्वजनिक निवडणुकीचाच भाग आहे, तिथे वर्णावरून मत नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

निकाल ऐकून साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नरने विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलाविले. प्राथमिक निवडणुकीशी संबंधित सुमारे दीडशे कायदे झटपट रद्द करण्यात आले. युक्तिवाद असा की, आता सरकारचा या निवडणुकीशी काहीच संबंध उरला नाही. आमचा पक्ष हा खाजगी क्लब आहे. क्लबात कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू. सार्वजनिक पाणवठा खाजगी आहे असे सांगून माणसाला तहानलेले ठेवण्याची रीत आपल्याला काही नवी नाही. महाडच्या खटल्यातही सनातन्यांचा दावा तोच होता.

पण काळा समाज गप्प बसला नाही. जॉन मॅक्रे हे 'लाइटहाऊस अँड इन्फॉर्मर' नावाचे समाजाचे साप्ताहिक चालवीत. त्यांनी आणि ऑसिओला मकेन यांनी १९४४ मध्येच 'प्रोग्रेसिव्ह डेमोक्रॅटिक पार्टी' काढली आणि शिकागोच्या राष्ट्रीय अधिवेशनावर जाऊन आपल्या जागा मागितल्या. जागा मिळाल्या नाहीत. पण गावोगाव माणसे जोडली गेली. समाजाचे छोटे वर्तमानपत्र काय करू शकते, हे 'मूकनायका'च्या वाचकांच्या वारसांना वेगळे सांगायला नको.

१९४६ च्या ऑगस्टमध्ये राज्याच्या राजधानीत, कोलंबिया शहरात (हे गाव वेगळे, बाबासाहेब शिकले ते कोलंबिया विद्यापीठ न्यूयॉर्कचे), जॉर्ज एल्मोर नावाचा दुकान चालविणारा एक माणूस प्राथमिक निवडणुकीत मत द्यायला गेला. तो फोटोही काढी, टॅक्सीही चालवी. त्याला परत पाठविले गेले. योगायोग असा की, त्याच्याच आदल्या महिन्यात, जुलै १९४६ मध्ये, बाबासाहेबांनी अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. अमेरिकेतील निग्रोंची आणि भारतातील अस्पृश्यांची स्थिती यांत साम्य आहे, असे सांगून त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दोन खंडांत दोन समाज एकाच वेळी एकच दार ठोठावत होते.

एल्मोर कोर्टात गेला. न्यायाधीश होते वॉटीज वेअरिंग, चार्ल्सटनच्या आठ पिढ्यांच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले. त्यांच्याकडून कोणी फारशी आशा केली नव्हती. पण १२ जुलै १९४७ रोजी त्यांनी निकाल दिला की क्लबाची सबब चालणार नाही. क्लब राज्याचा गव्हर्नर निवडत नसतो. साउथ कॅरोलिनाने आता देशात परत येण्याची वेळ झाली आहे, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. वरच्या कोर्टांत तोच निकाल कायम राहिला. मग पक्षाने नवी अट काढली, मत द्यायचे असेल तर वर्णभेदावर विश्वास असल्याची शपथ घ्या! वेअरिंग यांनी तीही मोडून काढली आणि आदेश न पाळणाऱ्या पुढाऱ्यांना तुरुंगाची तंबी दिली. १० ऑगस्ट १९४८ रोजी राज्यातील तीस हजारांहून अधिक काळे स्त्री-पुरुष पहिल्यांदाच प्राथमिक निवडणुकीच्या रांगेत उभे राहिले.

किंमत कोणी मोजली?

इतिहासाच्या पुस्तकांत निकालाची तारीख मोठ्या अक्षरांत छापतात. तो निकाल मिळवताना कोणाचे घर उद्ध्वस्त झाले, ते बारीक अक्षरांतही सापडत नाही. जॉर्ज एल्मोरच्या दुकानाला व्यापाऱ्यांनी माल देणे बंद केले. धंदा बसला. कू क्लक्स क्लॅनने त्याच्या दारात क्रूस जाळला. त्याच्या पत्नीला हा मारा सोसवला नाही, तिचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. घर गेले. १९५९ साली, पन्नाशी नुकतीच ओलांडलेला हा माणूस विपन्नावस्थेत मरण पावला.

वेअरिंग यांच्यावर त्यांच्याच समाजाने बहिष्कार घातला. घरावर दगड पडले. १९५२ मध्ये निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला गेले आणि १९६८ साली मृत्यूनंतरच चार्ल्सटनला परतले. अंत्यविधीला गोरे मोजकेच होते, काळे मात्र मोठ्या संख्येने आले. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. एल्मोरचे नाव मात्र आजही थोड्यांनाच माहीत आहे. बहिष्कार म्हणजे काय, किराणा बंद म्हणजे काय, हे ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी भोगले आहे, त्यांनी तरी हे नाव लक्षात ठेवावे.

दुकानामागची शाळा

निकाल लागला तरी मतदार यादीत नाव यायला वाचनाची परीक्षा होतीच. इथे समाजातील माणसे, आणि विशेषतः स्त्रिया, पुढे आल्या. हा भाग आमच्या भगिनींनी अवश्य वाचावा.

चार्ल्सटनजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथला इसॉ जेन्किन्स हा बस चालवून माणसांना शहरात कामावर नेई. मला वाचायला शिकव म्हणजे मला मत देता येईल, असे एका प्रवासी बाईने त्याला म्हटले. तेव्हापासून तो बसमध्येच घटनेची कलमे शिकवू लागला. सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेची नोकरी १९५६ साली गेली, कारण काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला तिने नकार दिला. या दोघांच्या प्रयत्नातून जानेवारी १९५७ मध्ये त्या बेटावर प्रौढांची शाळा सुरू झाली. पुढे किराणा दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग, म्हणजे गोऱ्यांना संशय येऊ नये. शिकवायला नेमली बर्नीस रॉबिन्सन. ती शिक्षिका नव्हती, केशरचनेचे दुकान चालविणारी बाई होती. नोकरी गोऱ्यांची नाही, तेव्हा नोकरीवरून काढणार कोण? सही करणे, मनिऑर्डरचा फॉर्म भरणे आणि मग राज्यघटना वाचणे, असा तिचा अभ्यासक्रम. या 'नागरिकत्व शाळा' पुढे साऱ्या दक्षिणेत पसरल्या.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला आणि वाचनाच्या परीक्षा संपल्या. साउथ कॅरोलिना राज्य त्या कायद्याविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६६ मध्ये हरले.

जॅक्सन ते ओबामा

आता राष्ट्राध्यक्षपदाच्या चाळणीकडे वळू. १९६८ पर्यंत पक्षाचा उमेदवार प्रामुख्याने पुढारीच ठरवीत. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पक्षाला नियम बदलावे लागले, आणि १९७२ पासून प्राथमिक निवडणुकांना खरे वजन आले.

साउथ कॅरोलिनाच्या ग्रीनव्हिल गावी जन्मलेले जेसी जॅक्सन १९८४ आणि १९८८ मध्ये उमेदवारीसाठी उभे राहिले. १९८८ साली त्यांनी आपले जन्मराज्य जिंकले. तिथे तेव्हा मतपेटीऐवजी पक्षसभांतून निवड होत असे. उमेदवारी त्यांना मिळाली नाही. पण त्यांनी एक मागणी लावून धरली. जितकी मते तितके प्रतिनिधी, हे तत्त्व सर्वत्र लागू करा. ती मागणी मान्य झाली. हरलेल्या माणसाने बदललेला हा नियम वीस वर्षांनी एका जिंकणाऱ्याच्या कामी आला.

तो जिंकणारा बराक ओबामा. जून २००७ मध्ये ग्रीनवूड नावाच्या छोट्या गावात पावसात त्यांची सभा झाली, आणि हॉलमध्ये जेमतेम वीस माणसे. ओबामा खट्टू झाले होते. तेवढ्यात मागून एडिथ चाइल्ड्स नावाच्या स्थानिक लोकप्रतिनिधी बाईंनी घोषणा सुरू केली. "पेटलात का?" "तयार आहात का?" आणि सगळा हॉल तिच्यामागे म्हणू लागला. ती घोषणा पुढे साऱ्या देशात गाजली. काळ्या मतदारांच्या मनात शंका होती की गोरे याला मत देतील काय? आयोवा या गोऱ्यांच्या राज्यात ओबामा जिंकले तेव्हा ती फिटली. केशरचनेच्या दुकानांतून, न्हाव्याच्या दुकानांतून प्रचार झाला. बर्नीस रॉबिन्सनच्या धंद्याची दुकाने पुन्हा एकदा शाळा बनली. २६ जानेवारी २००८ रोजी पाच लाखांहून अधिक लोकांनी मत दिले. ओबामांना ५५ टक्के, हिलरी क्लिंटन यांना २७ टक्के. मत देणाऱ्यांत निम्म्याहून अधिक काळे होते.

एका शनिवारचा निकाल

२०२० मध्ये जो बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. वर्तमानपत्रांनी त्यांना मोडीत काढले होते. मग साउथ कॅरोलिनाची पाळी आली. तिथले काळ्यांचे सर्वांत वजनदार नेते जेम्स क्लायबर्न, हेच ते १९९३ साली प्रतिनिधीगृहात गेलेले. त्यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट आहे. एका अंत्यविधीला चर्चमध्ये पुढे बसलेल्या वृद्ध बाईने त्यांना खुणेने जवळ बोलाविले आणि विचारले, मत कोणाला देणार? त्यांनी कानात बायडेन यांचे नाव सांगितले. ती म्हणाली, हे मला ऐकायचे होते आणि आपल्या समाजालाही ऐकायचे आहे. २६ फेब्रुवारीला क्लायबर्न यांनी जाहीर पाठिंबा दिला. आपण बायडेनना ओळखतो, पण महत्त्वाचे म्हणजे ते आपल्याला ओळखतात, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता.

शनिवार, २९ फेब्रुवारी. बायडेन यांना सुमारे ४९ टक्के मते आणि ५४ पैकी ३९ प्रतिनिधी. बर्नी सँडर्स यांना २० टक्के आणि उरलेले १५. टॉम स्टायर या अब्जाधीशाने या एका राज्यात जाहिरातींवर दोन कोटी डॉलरहून अधिक उधळले होते. त्याला मिळाली ११ टक्के मते, प्रतिनिधी शून्य. त्याच रात्री त्याने गाशा गुंडाळला. पैशाने मत फिरते असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब वहीत टिपून ठेवावा. तीनच दिवसांनी १४ राज्यांत मतदान झाले, त्यांपैकी १० बायडेन यांनी जिंकली. नोव्हेंबरात ते राष्ट्राध्यक्ष झाले.

समाजाने मत दिले, आणि मोबदलाही आधीच ठरवून घेतला होता. मतदानाच्या आठवड्यात चार्ल्सटनच्या व्यासपीठावरून बायडेन यांनी शब्द दिला होता की सर्वोच्च न्यायालयात कृष्णवर्णीय स्त्रीला नेमीन. क्लायबर्न यांचा त्यासाठी आग्रह होता. ३० जून २०२२ रोजी केटान्जी ब्राउन जॅक्सन यांनी न्यायमूर्तीपदाची शपथ घेतली. २०२३ मध्ये पक्षाने साउथ कॅरोलिनाला प्राथमिक निवडणुकांत पहिला क्रमांक दिला, आणि ३ फेब्रुवारी २०२४ रोजी तिथूनच पक्षाची अधिकृत सुरुवात झाली.

येरवड्याची चाळणी

आता पुणे कराराकडे येऊ. त्यात अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. प्रत्येक जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, आणि मग त्या चौघांतून एक सर्व हिंदूंच्या संयुक्त मतदानाने निवडून द्यायचा. ही आपली प्राथमिक निवडणूक. दहा वर्षांनी ती संपायची होती.

दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहा. साउथ कॅरोलिनात पहिली चाळणी गोऱ्यांच्या हातात होती आणि शेवटची सर्वांच्या. पुणे करारात पहिली आपल्या हातात होती आणि शेवटची बहुसंख्याकांच्या. पहिल्या फेरीत समाजाने पसंत केलेला माणूस अंतिम फेरीत बहुसंख्याकांच्या मतांनी पडतो आणि त्यांना मानवणारा निवडून येतो, हीच बाबासाहेबांची तक्रार होती. म्हणजे एक चाळणी हातात असून भागत नाही, दोन्हींकडे लक्ष पाहिजे.

आजचे साउथ कॅरोलिना हेच सांगते. तिथे काळे लोक एकूण लोकसंख्येच्या चौथाईच्या आसपास आहेत. डेमोक्रॅटिक पक्षाच्या चाळणीत ते निम्म्याहून अधिक, म्हणून उमेदवार ते ठरवतात. पण नोव्हेंबरात सारे राज्य मत देते, आणि १९८० पासून या राज्याने प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवारालाच कौल दिला आहे. २०२४ मध्ये तर आणखी निराळे घडले. प्राथमिक निवडणुका जिंकलेल्या बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि प्रतिनिधींनी कमला हॅरिस यांना उमेदवार केले. चाळणी झाल्यावर धान्य बदलले गेले. हॅरिस नोव्हेंबरात पराभूत झाल्या.

रिपब्लिकन पक्षाची चाळणीही पाहिली पाहिजे. २०१० मध्ये टिम स्कॉट या कृष्णवर्णीय उमेदवाराने चार्ल्सटन भागात त्या पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकली. हरलेला उमेदवार होता स्ट्रॉम थर्मंड यांचा मुलगा. १९४८ साली वर्णभेदाचा झेंडा घेऊन राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले तेच हे थर्मंड. काळ बदलतो तो असा. मात्र स्कॉट यांना निवडणारे मतदार बहुसंख्येने गोरे आणि त्यांचे राजकारण बहुसंख्य काळ्यांना न पटणारे, हेही नमूद केले पाहिजे. माणूस आपला असला तरी तो कोणाच्या मतांवर उभा आहे, हा प्रश्न उरतोच. पुणे करारानंतर हाच प्रश्न आपण विचारीत आलो आहोत.

आपण काय घ्यावे?

आपल्या देशात पक्षांनी प्राथमिक निवडणूक घ्यावी असा कायदा नाही. तिकीट देणारे हात मोजकेच असतात, आणि राखीव मतदारसंघात तर ते हात बहुतेक वेळा समाजाबाहेरचेच असतात. आपल्या स्वतःच्या पक्षांचे आणि गटांचे तरी काय? तिथे तरी वस्तीतल्या कार्यकर्त्याला विचारून उमेदवार ठरतो काय? दुसऱ्यांच्या बंद दाराबद्दल बोलताना आपल्या दाराची कडी एकदा तपासली पाहिजे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर करता येण्यासारखे पुष्कळ आहे. निवडणूक जाहीर होण्याच्या सहा महिने आधी विहारात सभा बोलवावी. उमेदवारी मागणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, समाजासमोर उभे करून प्रश्न विचारावेत. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर का मिळत नाहीत, सफाई कामगारांची भरती ठेकेदाराकडे का गेली, राखीव निधी दुसरीकडे का वळविला गेला? उत्तरे वहीत लिहून घ्यावीत, वाचून दाखवावीत आणि त्यावर त्याची सही घ्यावी. सभेला बायकांना पुढच्या रांगेत बसवावे आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारावा. चर्चमधल्या त्या वृद्ध बाईने नेत्याला खुणेने जवळ बोलाविले होते. नेत्याला आपल्याकडे यावे लागले, यातच सारे आले.

आणि मतदार यादी! अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींची नावे यादीत आहेत काय, लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव इकडच्या यादीत आले काय, घर बदललेल्याचे नाव कापले गेले काय, हे शिकलेल्या मुलांनी घरोघर जाऊन पाहावे. इसॉ जेन्किन्सने हे काम बस चालवीत केले. आपल्याला एखाद्या रविवारची दुपार पुरेल.

एल्मोर १९४६ साली मत द्यायला गेला तेव्हा आपण राष्ट्राध्यक्ष घडविणाऱ्या रांगेचा पहिला माणूस आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. आपले नाव यादीत असताना आपल्याला आत का सोडत नाहीत, एवढेच त्याला विचारायचे होते. तिकीट वाटणाऱ्यांच्या दारात जाऊन आपणही तोच प्रश्न विचारला पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलता कामा नये.